प्लास्टिक पिशवीबंदीची वाटचाल : चिंचणी-तारापूर किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पर्यावरणविषयक कायद्यांचा इतिहास लिहिताना धरणे, औष्णिक प्रकल्प, रासायनिक कारखाने यांसारख्या मोठ्या विषयांना प्राधान्य मिळते. दैनंदिन व्यवहारातील एखाद्या क्षुल्लक वस्तूवर शासनाने घातलेल्या बंधनांकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले जात नाही. प्लास्टिकची हातपिशवी ही अशीच एक वस्तू होय. तिचे आयुष्य बाजारापासून घरापर्यंतचे, म्हणजे काही मिनिटांचे असते. तिच्यावर बंधने घालण्यासाठी मात्र १९९९ पासून केंद्र व राज्य शासनाला पुन्हा पुन्हा नियम करावे लागले आणि जुने नियम बदलावे लागले. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विवेचनासाठी चिंचणी-तारापूर ही किनारपट्टी निवडण्यामागे निश्चित कारण आहे. राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले चिंचणी हे गाव डहाणू तालुक्यात, खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. खाडीपलीकडील तारापूर पालघर तालुक्यात येते. दक्षिणेस १९६९ मध्ये कार्यान्वित झालेला तारापूर अणुऊर्जा प्रकल्प, आग्नेयेस बोईसरलगतची औद्योगिक वसाहत, उत्तरेस वरोर-वाढवण ही मच्छीमारांची गावे आणि समोर समुद्र, अशी या परिसराची रचना आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. मासेमारी, वाडी, कारखाना आणि पर्यटन या चारही गोष्टी येथे काही किलोमीटरांच्या अंतरात एकत्र आढळतात. शहरासाठी आखलेली पिशवीबंदी ग्रामीण किनाऱ्यावर आल्यावर तिचे काय होते, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

प्लास्टिकपूर्व बाजारव्यवस्था

प्लास्टिक येण्यापूर्वी वस्तू बांधून देण्याची पद्धत वस्तूच्या गुणधर्मावर व परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांवर अवलंबून होती. वाण्याच्या दुकानात साखर, डाळ, मसाले रद्दीच्या पुडीत दोरा गुंडाळून मिळत. तेल व रॉकेल यांसाठी गिऱ्हाईक घरून बरणी किंवा डबा नेत असे. वाडीतील भाजी टोपलीतून, धान्य गोणपाटातून आणि करवंदे-जांभळे पानांच्या द्रोणातून बाजारात येत. कोळणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरत व गिऱ्हाईक घरातील भांडे पुढे करी. बाजारात जाणारा मनुष्य मासळीसाठी वेगळी पिशवी ठेवत असे. तिचा वास जात नसल्यामुळे घरात तिची जागाही वेगळीच असे.

या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. ओल्या मासळीचे पाणी गळे, पावसाळ्यात पुडी भिजून फाटे, आणि पाटी वाहण्याचे कष्ट बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येत. तथापि दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वस्तू नेण्याचे साधन आणणे ही जबाबदारी गिऱ्हाइकाची होती. दुसरी अशी की, वापरून फेकलेल्या पानाची किंवा कागदाची विल्हेवाट परसातच लागत असे. गावात कचरा संकलनाची यंत्रणा नसणे ही त्या काळी उणीव ठरत नव्हती, कारण बहुतेक कचरा कुजून मातीत मिसळणारा होता. पुढील काळात कचऱ्याचे स्वरूप बदलले, यंत्रणेचा अभाव मात्र तसाच राहिला. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पिशवीचे आगमन

पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय या कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच लागला. आज सर्वत्र दिसणारी, हाताच्या पकडीसह एकसंध कापलेली पातळ पिशवी स्वीडनमधील अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन याने सेलोप्लास्ट या कंपनीसाठी विकसित केली. तिचे अमेरिकी पेटंट १९६५ मध्ये मिळाले. भारतात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलसारखे पेट्रोरसायन उद्योग उभे राहिले आणि पुढील दोन-तीन दशकांत प्लास्टिकचा कच्चा माल स्वस्त व मुबलक झाला. मुंबईच्या उत्तरेस वापी, दमण व सिल्वासा या परिसरांत प्लास्टिकवर प्रक्रिया करणारे उद्योग वाढले. व्यापारात ‘झबला’ या नावाने ओळखली जाणारी पिशवी पालघर-डहाणूच्या बाजारपेठांपासून त्यामुळे कधीच दूर नव्हती.

किनाऱ्यावर मात्र प्लास्टिक सर्वप्रथम आले ते पिशवीच्या रूपाने नव्हे. मच्छीमारांची जाळी पूर्वी सुताची व सणाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून वारंवार वाळवावी लागत. १९६० नंतर नायलॉनच्या जाळ्यांचा प्रसार झाला आणि हे कष्ट संपले. प्लास्टिकचे बोये, पिंपे व मासळीसाठी थर्माकोलच्या पेट्या मागोमाग आल्या. त्याच सुमारास घराघरात रंगीत वायरने विणलेली पिशवी आली. तीही प्लास्टिकचीच, परंतु एक पिशवी वर्षानुवर्षे टिके व तुटल्यास पुन्हा विणून घेतली जाई. म्हणजेच प्लास्टिकचा पहिला परिचय या समाजाला टिकाऊ वस्तू म्हणून झाला. फुकट मिळणारी आणि एकदाच वापरावयाची पिशवी त्यानंतर आली. तिच्यामुळे घरून पिशवी नेण्याची सवय मोडली आणि वस्तू बांधून देण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे गेली. बंदीचा सारा भार पुढे विक्रेत्यावर का पडला, हे या स्थित्यंतरावरून उमगते.

महापूर आणि कायद्याचा उगम

पिशवीविरोधी कायद्यांचा उगम बहुतांशी शहरांच्या गटारांतून झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बांगलादेशात १९८८ व १९९८ च्या महापुरांत ढाक्यातील निचरा पिशव्यांमुळे तुंबल्याचे आढळले आणि २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला. आयर्लंडने त्याच वर्षी वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर लावण्यात आला व वापर झपाट्याने घटला.

भारतात केंद्र शासनाने २ सप्टेंबर १९९९ रोजी पुनर्प्रक्रियायुक्त प्लास्टिकविषयी नियम केले आणि पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. महाराष्ट्रात या प्रश्नाला खरी धार आली ती २६ जुलै २००५ च्या महापुराने. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईतील जीवितहानी व हाहाकार यांच्या कारणांमध्ये नद्यांवरील अतिक्रमणे, भरावामुळे आक्रसलेले प्रवाह आणि अपुरी गटारे यांचा समावेश होता. त्यांपैकी ताबडतोब हात घालण्याजोगे कारण मात्र गटारात अडकलेली पिशवी हेच होते. राज्य शासनाने प्रथम सरसकट बंदीचा मनोदय जाहीर केला. २००६ मध्ये प्रत्यक्ष नियम झाले तेव्हा त्यांत ५० मायक्रॉनपेक्षा पातळ व ८ बाय १२ इंचांपेक्षा लहान पिशव्यांनाच मनाई करण्यात आली. त्याच वर्षी राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम संमत केला. पुढील सर्व निर्बंधांचा कायदेशीर आधार हाच अधिनियम ठरला.

चिंचणीसारख्या गावाला या कायद्याच्या उगमात काहीच स्थान नव्हते. तेथे तुंबण्याजोगी गटारव्यवस्थाच नव्हती. कायद्याने ज्या संकटाचा विचार केला, ते या गावाचे संकट नव्हते.

मायक्रॉनचा मापदंड

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवीची वैधता या मापावर ठरविण्यामागे एक विचार होता. अतिशय पातळ पिशवी वजनाने नगण्य असते. ती गोळा करून कचरावेचकाला काही मिळत नाही, म्हणून ती रस्त्यावरच राहते. पिशवी जाड केल्यास ती महाग होऊन फुकट देणे परवडणार नाही आणि भंगारात तिला किंमत येईल, अशी अपेक्षा होती. यानुसार केंद्राची किमान मर्यादा १९९९ मध्ये २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी वाढत गेली. २०११ ते २०१६ या काळात केंद्राची मर्यादा ४०, तर महाराष्ट्राची ५० मायक्रॉन होती. राज्याबाहेर कायदेशीर असलेली पिशवी त्या काळात सीमा ओलांडताच बेकायदा ठरे. गुजरात व दादरा-नगर हवेलीला लागून असलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही विसंगती केवळ कागदावरची नव्हती.

या मापदंडात तीन दोष आढळतात. पहिला दोष मोजणीचा आहे. भाजी विकणारी बाई किंवा गिऱ्हाईक यांपैकी कोणालाही पिशवी ४५ मायक्रॉनची आहे की ५५ ची, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ज्याला नियम पाळावयाचा आहे त्याला तो मोडला गेल्याचे कळतच नसेल, तर पालन हे तपासनिसाच्या मर्जीवर अवलंबून राहते. दुसरा दोष परिमाणाचा आहे. त्याच आकाराची पिशवी ५० ऐवजी १२० मायक्रॉनची केल्यास तिच्यातील प्लास्टिक २.४ पट होते. पिशव्यांची संख्या त्याहून अधिक प्रमाणात घटली नाही, तर एकूण प्लास्टिक वाढते. तिसरा दोष अधिक मूलभूत आहे. जाड पिशवी भंगारात जाईल ही अपेक्षा कचरावेचक व भंगारवाला यांचे दाट जाळे गृहीत धरते. महानगरात ते असते. किनाऱ्यावरील विखुरलेल्या पाड्यांत आणि वाड्यांत ते विरळ असते. वाळूत रुतलेली, मिठाने व मातीने माखलेली पिशवी तर जाड असूनही कोणी उचलत नाही.

ग्रामपंचायतीपर्यंतचा प्रवास

ग्रामीण महाराष्ट्रात स्वच्छतेचा विषय २००० पासून संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानामुळे सार्वजनिक चर्चेत आला. त्या अभियानाचा पाया दंडाचा नसून स्पर्धेचा व श्रमदानाचा होता. २०१० मध्ये राज्याने सुरू केलेल्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेत वृक्षलागवड, हागणदारीमुक्ती व करवसुली यांच्या जोडीने प्लास्टिकबंदीलाही निकषाचे स्थान मिळाले. निकष पूर्ण करणाऱ्या ग्रामपंचायतीस अनुदान मिळे. अशा रीतीने पिशवीबंदी खेड्यात प्रथम आली ती अनुदानाची अट म्हणून, ग्रामसभेच्या ठरावाच्या रूपाने.

केंद्राच्या नियमांची कक्षा ग्रामपंचायतींपर्यंत स्पष्टपणे वाढली ती मार्च २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी. तोपर्यंत नागरी संस्थांवर असलेली संकलन, वर्गीकरण व विल्हेवाटीची जबाबदारी आता ग्रामपंचायतीवरही आली. चिंचणीसारखे मोठ्या लोकवस्तीचे व बाजारपेठेचे गाव, तसेच औद्योगिक वसाहतीला लागून वेगाने वाढलेले बोईसर यांचा कारभार ग्रामपंचायतींच्याच हाती राहिला होता. वस्ती निमशहरी, कचरा शहरी आणि उत्पन्नाची साधने मात्र ग्रामीण, अशी ही स्थिती होय. कचरागाडी, वर्गीकरणाची जागा, कायमचे कर्मचारी यांसाठी नियमांत जबाबदारी होती; पुरेसा निधी नव्हता. जेथे नियमित संकलन नाही तेथे कचरा जाळणे, खड्ड्यात पुरणे किंवा खाडीकाठी लोटणे एवढेच मार्ग उरतात. पुढे २०२० मध्ये स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रांची तरतूद झाली. जबाबदारी व साधने यांच्या आगमनात याप्रमाणे काही वर्षांचे अंतर पडले.

२०१८ ची बंदी आणि तिचे शिथिलीकरण

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलविषयक अधिसूचना काढली. तिने जाडीचा वाद बाजूस सारून हातपिशव्यांचे उत्पादन, विक्री, वाहतूक, साठवण व वापर यांवर सरसकट बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठेवण्यात आली. उत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने एप्रिलमध्ये स्थगिती नाकारली आणि २३ जून २०१८ पासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली.

मायक्रॉनच्या तुलनेत या बंदीचा एक मोठा गुण होता. नियम कोणालाही समजेल इतका सोपा होता. कापडी पिशव्या शिवण्याचे काम महिला बचत गटांना मिळू लागले आणि बाजारात पिशवी घेऊन जाण्याची जुनी सवय पुन्हा दिसू लागली. परंतु आठवड्याभरातच किराणा दुकानदारांना वस्तू बांधण्यासाठी ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिक वापरण्याची सवलत मिळाली. कारखान्यातूनच प्लास्टिकच्या वेष्टनात येणारे वेफर, बिस्किटे, शॅम्पूच्या पुड्या यांना मूळ अधिसूचनेतही मनाई नव्हती. दुधाच्या पिशव्या ५० पैसे अनामत आकारून परत घेण्याची तरतूद होती, ती रोजच्या व्यवहारात रुजली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या ठरावीक वजनाच्या पिशव्यांना राज्याने परवानगी दिली. दिसायला कापडी, प्रत्यक्षात प्लास्टिकच्या अशा या पिशव्या होत. दरम्यान १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरावयाच्या १९ प्रकारच्या वस्तूंवर देशभर बंदी लागू केली. त्यामुळे या वस्तूंपुरती राज्याच्या सीमेवर बंदी संपण्याची अडचण तत्त्वतः दूर झाली.

या साऱ्या सवलतींचे लाभार्थी पाहिले असता एक क्रम आढळतो. संघटित उत्पादक व संघटित व्यापारी यांना सवलत मिळाली. मासळीबाजारातील कोळीण, भाजीवाली, फेरीवाला यांना ती मिळाली नाही. ओली मासळी कागदात बांधता येत नाही आणि कापडी पिशवी गिऱ्हाइकाने आणली नाही तर विक्री हातची जाते. ५,००० रुपयांचा दंड ही अशा विक्रेतीची अनेक दिवसांची कमाई असते. गिऱ्हाइकाची सवय बदलण्याची किंमत विक्रेत्याने मोजावी, असा या व्यवस्थेचा परिणाम झाला.

भरती-ओहोटीचे गाव

किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. शहरातील कचरा गटारात अडकतो. समुद्राकाठी तो येतो व जातो. नद्या व खाड्या यांतून वाहून गेलेले प्लास्टिक पावसाळ्यात उधाणाबरोबर किनाऱ्यावर परत फेकले जाते. प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेल्या डोल जाळ्यात मासळीबरोबर पिशव्याही शिरतात. त्या निवडून काढण्यात वेळ जातो आणि जाळ्याचे नुकसान होते. सुट्टीच्या दिवशी चिंचणीच्या सुरूच्या बनाखाली येणारे पर्यटक आपला कचरा मागे ठेवून जातात. गावाने शंभर टक्के बंदी पाळली तरी किनारा स्वच्छ राहीलच असे नाही. कायदा हद्दीनुसार चालतो, कचरा प्रवाहानुसार.

मच्छीमार समाज या प्रश्नात केवळ पीडित नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. तुटलेली नायलॉनची जाळी समुद्रात राहतात व मासे त्यांत अडकून मरत राहतात. पिशवीबंदीच्या कोणत्याही नियमाने या जाळ्यांचा विचार केला नाही.

याच परिसरातील पर्यावरण रक्षणाचे दोन अन्य प्रयत्न तुलनेसाठी उपयुक्त ठरतात. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. तालुक्यात कोणते उद्योग येऊ शकतील यावर मर्यादा आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. दुसरा प्रयत्न तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यासंबंधीचा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि लवादाने २०२२ मध्ये प्रदूषणकारी उद्योगांवर मोठ्या भरपाईची आकारणी केली. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या दोन्ही ठिकाणी बंधन उत्पादकावर होते आणि देखरेखीसाठी नियुक्त संस्था होती. पिशवीच्या बाबतीत बंधन प्रामुख्याने शेवटच्या हातावर राहिले आणि देखरेख नैमित्तिक मोहिमांवर सोपविली गेली. रासायनिक सांडपाणी डोळ्यांना सहज दिसत नाही, पिशवी दिसते. दिसणाऱ्या प्रदूषणावर कारवाई करणे सोपे असते. त्याचा स्रोत बंद करणे मात्र सोपे नसते. प्लास्टिकविषयक जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेली वाटाघाटीची फेरीही उत्पादनावर मर्यादा घालावी की नाही या मुद्द्यावरील मतभेदांमुळे निष्फळ ठरली. चिंचणीच्या मासळीबाजारातील अडचण आणि जिनिव्हातील अडचण या अर्थाने एकाच स्वरूपाच्या आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पिशवीबंदी हा शहरी निचऱ्याच्या संकटातून जन्मलेला उपाय होता आणि किनारी ग्रामीण परिस्थितीचा विचार त्यात उशिरा व अपुरा झाला. जाडीचा मापदंड भंगार व्यवस्थेवर विसंबून होता. जेथे ती व्यवस्था विरळ, तेथे त्याचा परिणाम अल्प झाला. २०१८ ची सरसकट बंदी समजण्यास सोपी व म्हणून अधिक परिणामकारक होती, परंतु सवलतींचा क्रम उलटा राहिल्याने तिचा भार दुर्बल विक्रेत्यांवर पडला. ग्रामपंचायतींना जबाबदारी आधी मिळाली, साधने नंतर.

बंदी निरर्थक होती असा याचा अर्थ नाही. घरून पिशवी नेण्याची सवय एका पिढीत मोडली, तशी ती एका पिढीत पुन्हा लावताही येईल, हे २०१८ नंतरच्या अनुभवाने दाखविले आहे. त्यासाठी दंडाची पावती विक्रेतीच्या हाती देण्यापूर्वी कारखान्यातील उत्पादन, पर्यटकांची जबाबदारी, टाकाऊ जाळ्यांचे संकलन आणि ग्रामपंचायतीची कचरागाडी यांचा विचार व्हावयास हवा. पाटीवर बसलेल्या कोळणीला गिऱ्हाइकाने पुन्हा स्वतःची मासळीची पिशवी पुढे केली, तर बंदीचा निम्मा उद्देश दंडावाचून साध्य होईल. उरलेला निम्मा उद्देश तिच्या हातात नाही. तो शासन व उत्पादक यांच्याकडून साध्य करून घ्यावा लागेल.